पावसाळ्यात संघ बांधताना: आपल्या कबड्डी संघाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुहागर तालुक्यातल्या किनाऱ्यावरचं आपलं गाव, वाडीचा एक संघ आणि त्या संघाची गुणवही लिहिणारा मी. मेअखेरीला शेवटची स्पर्धा झाली की माझा फोन थांबत नाही. मुंबई मंडळाची माणसं विचारतात, गावातली पोरं विचारतात, बाजारात भेटणारे काकाही विचारतात: यंदा कोण हवा? कोणाला काढायचं? मागल्या मोसमात हरलो ते कशामुळे? प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढलं. मी स्वतः बरीच वर्षं मध्यरक्षक, म्हणजे बचावफळीच्या मधला खेळाडू, म्हणून खेळलो, त्यामुळे बचावाकडे माझा ओढा जास्त आहे. वाचताना तेवढं ध्यानात ठेवा.

स्पर्धा दिवाळीनंतर. मग संघाची चर्चा जूनमध्ये कशाला?

कारण माणसं जूनमध्येच सापडतात. आपल्याकडच्या स्पर्धा दिवाळी उलटली की सुरू होतात, शिमग्याच्या आसपास जोर धरतात आणि मे महिन्यात चाकरमानी आले की रोज कुठे ना कुठे मैदान आखलेलं असतं. त्या धावपळीत नवा कोपरारक्षक, म्हणजे बचावफळीच्या टोकाला उभा राहणारा, घडत नाही. घडलाच तर पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, खलाशी पोरं घरी. लावणीचे पंधरा-वीस दिवस सोडले तर संध्याकाळ मोकळी. १५ जुलैला कबड्डी दिन येतो, कबड्डी संघटक बुवा साळवी यांच्या जन्मदिवसाचा. त्या दिवसापर्यंत कोण कुठल्या जागी खेळणार हे ठरलेलं असावं, असा माझा आग्रह असतो. गणपतीत मुंबईकर आले की खर्चाचं बोलता येतं. तेव्हा खेळाडू शोधायला बसलो, तर पुढच्या मोसमात पुन्हा तेच दुखणं.

आपल्याला एक मोठा चढाईपटू आणायला हवा, एवढंच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून उत्तरही लांब देतो. माझं मत: नाही.

आधी मोठ्या मैदानावरचं बघू. प्रो कबड्डी या व्यावसायिक स्पर्धेच्या दहाव्या मोसमाच्या लिलावात पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. लिलावातली तोवरची सर्वांत मोठी बोली ती. पवन किती मोठा खेळाडू आहे हे मी सांगायला नको. २०१९ मध्ये त्याने एका सामन्यात चढाईचे ३९ गुण मिळवले होते. तरी त्या मोसमात तेलुगू टायटन्स तळाला राहिले. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. तो मुळात डाव्या कोपऱ्याचा बचावपटू. चढाईला अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते अशी पोरं आलटून पालटून. मोसमात सर्वाधिक चढाई गुण मिळवणारा आशू मलिक दिल्लीच्या संघाचा होता, पलटणचा नव्हता. करंडक मात्र पलटणने नेला, १ मार्च २०२४ ला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून. अंतिम सामन्यात २८ गुणांवर करंडक आला म्हणजे बचावाने काय काम केलं असेल, ते बघा.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर मी एकांगी बोलतो असं होईल. २०१७ च्या मोसमात प्रदीप नरवालने चढाईचे ३६९ गुण केले आणि पाटणा पायरेट्स विजेते झाले. एका चढाईपटूच्या जोरावर मोसम मारता येतो, हे खरं. पण प्रदीप नरवाल वाडीवाडीत जन्माला येत नाही. आपल्याला परवडतो तो 'मोठा चढाईपटू' म्हणजे तालुक्यात नाव झालेला, चार स्पर्धांत चार संघांकडून खेळलेला. तो आला की बाकीची पोरं चढाईला जायची थांबतात, तो पकडला गेला की संघ गप्प होतो. गेल्या मोसमात एका उपांत्य सामन्यात आपलं हेच झालं. आपला मुख्य चढाईपटू उत्तरार्धात बाद होऊन बाहेर बसला, आणि त्याला उठवायला, म्हणजे पुन्हा आत आणायला, लागणारा एक गुण आपल्याला कितीतरी चढाया मिळेना. सामना तिथे गेला. तो मुलगा वाईट खेळला म्हणून हरलो नाही. त्याच्यामागे दुसरा कोणी नव्हता, म्हणून हरलो.

पण आकडे तर सांगतात की सर्वांत जास्त गुण त्याचेच होते.

एकूण गुणांचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. समजा, एका खेळाडूने २० चढाया केल्या, ८ गुण आणले, ६ वेळा पकडला गेला. दुसऱ्याने १० चढाया केल्या, ५ गुण आणले, एकदाच पकडला गेला. फलकाजवळ उभा असलेला माणूस म्हणेल, पहिला भारी. पण पकड झाली की समोरच्याला गुण जातो. तो वजा केला तर पहिल्याचे २० चढायांत निव्वळ २ गुण, दुसऱ्याचे १० चढायांत ४.

आणि एवढ्यावर हिशेब संपत नाही. पहिल्याच्या ८ गुणांपैकी ५ बोनसचे, म्हणजे गडी न टिपता नुसती बोनस रेषा ओलांडून आणलेले असतील, तर त्याने आपले फक्त ३ गडी उठवले, कारण बोनसच्या गुणावर कोणी उठत नाही. तो मात्र ६ वेळा पकडला गेला, म्हणजे समोरच्यांचे सहा गडी उठायची सोय त्याने करून दिली. दुसऱ्याने पाचही गुण गडी टिपून आणले असतील, तर पाच आपले आत आले. कबड्डीत गुण म्हणजे नुसता फलकावरचा आकडा नाही, माणूस आत-बाहेर होतो. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक चढाईपटूपुढे चार आकडे असतात: चढाया, गुण, त्यातले बोनस आणि पकडला गेल्याच्या वेळा. एवढ्यावर निम्मे वाद मिटतात.

मग पहिल्याला काढून दुसऱ्याला खेळवायचं?

थांबा. इथे घाई केली की चूक होते, आणि ती मी स्वतः केली आहे. पहिला मुलगा कोणासमोर चढाया करत होता, ते बघा. समोर सात उभे असताना जाणं वेगळं आणि तीन उरलेले असताना जाणं वेगळं. कर्णधार अवघड वेळी मुख्य खेळाडूलाच पाठवतो. दोन चढाया रिकाम्या गेल्यावरची तिसरी चढाई आली की त्यालाच पाठवतो. दुसऱ्याला सोपा वेळ मिळाला असेल, तर त्याचे आकडे आपोआप गोंडस दिसतात.

म्हणून पाचवा आकडा लिहा: समोर किती बचावपटू होते. मी तीन गट करतो. समोर सहा-सात, समोर चार-पाच, आणि समोर तीन किंवा कमी. हे तीन गट मनाने पाडलेले नाहीत, नियमातच आहेत. सहा किंवा सात असतील तरच बोनस मिळतो. तीन किंवा कमी असतील तर पकडीला एक गुण जास्तीचा, म्हणजे अव्वल पकड. मधल्या चार-पाचांसमोर बोनसही नाही आणि अव्वल पकडही नाही, तिथे निव्वळ हात-पाय आणि डोकं. माझ्या मते चढाईपटूची खरी पारख याच मधल्या गटात होते. तुमच्या मुलाचे गुण तिथे कसे आहेत, ते आधी विचारा.

बास्केटबॉलमध्ये 'अधिक-उणे' असा आकडा असतो, तो आपण वापरू शकतो का?

मुंबईहून एका तरुणाने हे विचारलं आणि मला फार बरं वाटलं. बास्केटबॉलमध्ये पाच जण मैदानात असतात. एखादा खेळाडू आत असताना संघाने किती गुण केले आणि किती दिले, यातला फरक म्हणजे त्याचा अधिक-उणे. त्यातून पाच-पाचांच्या जोडण्यांचेही आकडे काढतात, दर शंभर डावांमागे किती गुण केले आणि किती दिले, असे. स्वतः एकही गुण न करणारा, पण आत असला की संघ पुढे जातो असा खेळाडू त्यात दिसून येतो. आपल्या मध्यरक्षकांना तर असा आकडा हवाच. साखळी धरून चढाईपटूची वाट अडवणाऱ्याचं नाव गुणपत्रिकेवर येत नाही, पकड शेजाऱ्याच्या नावावर जाते.

पण जसाच्या तसा उचलला तर फसगत होते. बास्केटबॉलमध्ये खेळाडू बाहेर गेला की त्याच्या जागी दुसरा येतो, पाचाचे पाचच राहतात. कबड्डीत बाद झालेल्याची जागा रिकामी राहते. आपला मुख्य खेळाडू बाहेर असतो तेव्हा आपण मुळातच कमी असतो, मग गुण कमी येणारच. त्या उण्याचं श्रेय त्याला देऊन 'बघा, हा नसला की आपण बुडतो' म्हणणं चुकीचं आहे.

यावर मी काढलेला उपाय साधा आहे. आपले किती आत होते, हेही लिहायचं. मग आपले पाच आत, त्यात तो आहे, अशा चढाया एकीकडे. आपले पाच आत, त्यात तो नाही, अशा दुसरीकडे. पाचाची तुलना पाचाशी, चाराची चाराशी. तेव्हाच त्याच्या असण्याची किंमत कळते. चढाया दोन्ही बाजूंच्या आलटून पालटून होतात, त्यामुळे दोघांच्या चढायांत फारतर एकाचा फरक राहतो. म्हणून 'दर चढाईमागे गुण' हा आकडा दोन संघांमध्ये प्रामाणिक राहतो. या बाबतीत आपला खेळ बास्केटबॉलच्या जवळचा आहे.

सातांची सर्वांत चांगली जोडणी कोणती, हे वहीतून निघेल का?

सातांची नाही निघणार. ठरावीक सात जण एकत्र आत असतात ते सामन्याच्या सुरुवातीला आणि लोणानंतर, म्हणजे सगळेच बाद होऊन पुन्हा आत आल्यावर. तेही थोड्याच चढाया. एक जण बाद झाला की जोडणी बदलली. २०-२० मिनिटांचा सामना आणि प्रत्येक चढाईला पुरे ३० सेकंद धरले, तरी एकूण ८० चढाया, बाजूला ४०. त्या ४० चढाया किती निरनिराळ्या जोडण्यांत वाटल्या जातात ते बघा, प्रत्येकीच्या वाट्याला मूठभरच येतात. तेवढ्यावर 'ही सात भारी' म्हणणं म्हणजे दोन भरतीच्या लाटा बघून समुद्र सांगणं.

जोड्या मात्र मोजता येतात. डावा कोपरा आणि त्याच्या शेजारचा मध्यरक्षक ही एक जोडी. उजवीकडची दुसरी. दोन्ही मध्यरक्षक मिळून तिसरी. या तीन जोड्या आत असताना समोरच्यांनी दर चढाईमागे किती गुण नेले, एवढं एका पूर्ण मोसमाचं मोजलं, की चित्र उभं राहतं. आपल्या वहीत उजवीकडची जोडी ठीक आहे. डावीकडे गळती आहे. हे मी मैदानाबाहेरून बघूनही सांगू शकलो असतो, असं पोरं म्हणतात. म्हणोत. पण वही नव्हती तेव्हा आपण तीन वर्षं चढाईपटूच शोधत होतो ना?

डाव्या कोपऱ्याला उजव्या कोपऱ्याचाच मुलगा उभा केला तर?

करून पाहिलं. पुढचा पाय बदलतो, झेप घ्यायची बाजू बदलते, शेजाऱ्याच्या हातातला हात बदलतो. घोट्याची पकड उजवीकडून वर्षानुवर्षं मारलेला मुलगा डावीकडे अर्धा क्षण उशिरा पोचतो, आणि तेवढ्या वेळात चढाईपटू मध्यरेषेला हात लावून मोकळा. दोन महिने रोज घोटलं तर जमेल. मोसमाच्या मधोमध जमणार नाही. म्हणून पावसाळा.

तिसऱ्या चढाईला नेहमी आपली पंचाईत का होते?

लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. समोरच्यांना हे माहीत असतं, ते मागे सरकून वाट बघत राहतात. आपली अडचण तिसऱ्या चढाईत नाही, आधीच्या दोन चढायांत आहे. आपण त्या दोन्ही चढाया 'जाऊन ये' म्हणून घालवतो. समोर सहा-सात असतील तर पहिल्याच चढाईत बोनसचा प्रयत्न करणारा एक मुलगा हवा. उंच, लांब पायाचा, मागचा पाय हवेत ठेवून बोनस रेषा ओलांडता येणारा. असा एक मुलगा खालच्या वाडीत आहे. अजून अंग भरलेलं नाही, पण पाय आहेत. त्याचं नाव बैठकीत सांगेन.

आपले तीनच उरले की पोरं घाबरतात. त्याचा काही सराव असतो का?

असतो, आणि आपण तो कधीच करत नाही. तिघांच्या बचावात जास्तीच्या गुणाची संधी असते, पण पोरं लोण टाळायच्या नादात मागच्या रेषेला चिकटतात. तिघांचा सराव म्हणजे एक कोपरा, एक मध्यरक्षक आणि तिसरा मोकळा. झेप कोण टाकणार हे आधी ठरलेलं असायला हवं. दोघांनी एकदम टाकली तर दोघंही गेले. आठवड्यातून एक संध्याकाळ फक्त तीन विरुद्ध एक, असं खेळा.

एक बारीक गोष्ट इथेच सांगतो. जो आधी बाद झाला, तो आधी उठतो. मुख्य चढाईपटू सगळ्यांत शेवटी बाद झाला असेल, तर त्याच्या आधीचे सगळे उठेपर्यंत तो बाहेरच. अशा वेळी एकच कच्चा गडी आत ठेवून पाच-सहा चढाया वेळ काढत बसणं महाग पडतं. लोण गेला तर समोरच्यांना २ गुण जास्तीचे मिळतात, पण आपले सातही आत येतात. घड्याळात वेळ किती आहे आणि आपण किती मागे आहोत हे बघून कधी कधी लोण पत्करणं शहाणपणाचं असतं. यावर गावात माझ्याशी भांडणारे पुष्कळ आहेत. त्यांचा मान राखून सांगतो, वही बघा.

खलाशी पोरांना संघात घ्यावं का? ऐन सामन्यांच्या दिवसांत ती समुद्रावर असतात.

घ्यावंच. आपल्या किनाऱ्यावर पकडीला त्यांच्यासारखे हात नाहीत. जाळं ओढून ओढून मनगटं अशी झालेली असतात की एकदा घोटा हातात आला की सुटत नाही. प्रश्न हजेरीचा आहे. ऑगस्टपासून त्यांचं समुद्रावर जाणं सुरू होतं, आणि नेमक्या सामन्याच्या रात्री ते बाहेर असतात.

माझी सूचना अशी. १२ जणांच्या चमूत खलाशी पोरं दोन किंवा तीन, आणि ती एकाच जागेची नकोत. दोन्ही कोपरे खलाशी असले आणि दोघं एकाच होडीवर असले, की त्या दिवशी संघाला कोपराच नाही. गेल्या वर्षी जवळपास हेच झालं. एक कोपरा होडीवरचा, त्याचा राखीव गावात राहणारा, असं जोडून ठेवा. आणि जून-जुलैत दोघांनी एकत्र सराव करायचा, म्हणजे खलाशाच्या हाताची जात राखीव मुलालाही थोडी लागेल.

मुंबईत चांगले खेळाडू आहेत आपल्याच गावचे. त्यांना का नाही बोलवत?

बोलवतो. लालबाग-परळपासून विरारपर्यंत आपल्या गावची पोरं खेळतात, त्यांचा सराव मॅटवर असतो, वेग चांगला असतो. मुंबई मंडळाला वाटतं आम्ही त्यांना डावलतो. तसं नाही, अडचणी दोन आहेत. पहिली म्हणजे पोरगा मे महिन्यात दहा दिवस येतो, त्याने कोणाबरोबर साखळी धरलेली नसते. चढाईपटू असेल तर चालतो, चढाई एकट्याची असते. बचावपटू असेल तर शेजाऱ्याशी हात जुळेपर्यंत रजा संपते. दुसरी अडचण नोंदणीची. मुंबईत एखाद्या संघाकडून नोंदणी असलेल्या मुलाला जिल्ह्याच्या स्पर्धेत आपल्याकडून उतरवायचं, तर आधी संघटनेकडे विचारून घ्या, मगच त्याला शब्द द्या. आयत्या वेळी मैदानावरून परत पाठवलेला मुलगा पुन्हा गावाकडे बघत नाही.

थोडक्यात, मुंबईहून चढाईपटू आणा, बचाव गावात घडवा. उलटं करू नका.

आणि रेल्वेचं आरक्षण शिमग्याच्या खूप आधी काढा. दर वर्षी सांगतो.

बाहेरचा खेळाडू पैसे देऊन आणायला तुमचा विरोध आहे का?

तत्त्व म्हणून विरोध नाही. ज्याने घाम गाळला त्याला मानधन मिळालं तर आनंदच आहे. पण आपला निधी म्हणजे कोणाच्या रिक्षाचे, कोणाच्या आंब्याच्या पेट्यांचे, कोणाच्या बोनसचे पैसे. एका रात्रीच्या चढाईपटूवर तो घालवायचा की जुनं मॅट, गुडघ्याच्या पट्ट्या आणि दोन पोरांच्या जिल्हा शिबिराच्या खर्चावर, हे ठरवायचं झालं तर माझं मत उघड आहे.

पावसात सराव करायचा कुठे? मैदानात तर चिखल.

चिखलात करू नका. गुडघे जातात, घोटे मुरगळतात, आणि जुलैत जखमी झालेला मुलगा डिसेंबरातही लंगडतो. शाळेची पडवी किंवा सभागृह मिळालं तर अर्ध्या मैदानाएवढी जागाही पुरते. आपल्याला बहुतेक काम बचावाचं करायचं आहे, आणि पुरुषांच्या मैदानाचं एका बाजूचं अंगण साडेसहा मीटर खोल असतं. जागा त्याहून कमी असेल तर फक्त कोपरा आणि मध्यरक्षक यांचा जोडीचा सराव घ्या. दमासाठी पाऊस उघडला की पुळणीवर धावा, ओहोटीच्या वेळी. समुद्र खवळलेला असताना पाण्याच्या जवळ जायचं नाही, हे लहान पोरांना दोनदा सांगा.

लावणीच्या दिवसांत सराव बंद ठेवा. दिवसभर चोंढ्यात वाकलेल्या पोराला संध्याकाळी पकडी शिकवण्यात अर्थ नाही.

मुलींच्या संघाचं काय? त्यांचे आकडे का ठेवत नाही?

ठेवले नाहीत ही चूक होती, यंदापासून ठेवणार. पण मुलांचे निकष त्यांना लावू नका. महिलांचं मैदान १२ बाय ८ मीटर, पुरुषांचं १३ बाय १०. दोन्ही बाजूंची लॉबी, म्हणजे कडेची पट्टी, वजा केली तर पुरुषांच्या बचावाला ८ मीटर रुंदी सांभाळायची असते, महिलांना ६. तेवढ्याच सात जणी, कमी रुंदी, म्हणजे साखळी जास्त घट्ट बसते. निदान रेषाही, म्हणजे चढाईपटूला निदान जी ओलांडावी लागते ती, त्यांची मध्यरेषेपासून ३ मीटरवर आहे, पुरुषांची ३.७५ मीटरवर. त्यामुळे रिकाम्या चढाया, बोनस, पकडी यांचं प्रमाण वेगळं येणार. त्यांच्या वहीची तुलना त्यांच्याच मागच्या स्पर्धेशी करायची. आपल्या मुलींकडे दोन चांगल्या मध्यरक्षक आहेत, हे मात्र वहीशिवाय सांगतो.

वही कोणीही लिहू शकतं का?

हो, पण एका वेळी एकानेच, आणि तो ओरडणारा नको. सामन्याच्या वेळी ओरडणाऱ्याच्या निम्म्या चढाया लिहायच्या राहतात. शाळेतली आठवी-नववीची मुलं उत्तम लिहितात. एका ओळीत एक चढाई: कोणाची, समोर किती, आपले आत किती, काय झालं. 'रि', 'बो', 'टि', 'प' एवढ्या खुणा पुरतात. रिकामी, बोनस, टिपला, पकड. मोबाइलवर चित्रफीत घेतली असेल तर दुसऱ्या दिवशी ताडून बघा. दिव्यांच्या उजेडात, धुळीत, निम्मा गाव रेषेवर उभा असताना चुका होतातच.

आकड्यात न दिसणारं काही नसतं का?

असतं ना. आपला जुना कर्णधार पकडीच्या यादीत कुठेच दिसत नाही. पण तो आत असला की बाकीचे सहा जण एकाच वेळी पाय हलवतात, कारण तो सतत बोलत असतो. 'पाय बघ, पाय बघ, थांब, आता.' वहीत ते लिहिता येत नाही. म्हणून त्याला काढा असं जो म्हणतो, त्याला मी वही दाखवत नाही, मैदानाच्या कडेला उभा करून ऐकायला सांगतो. वय झालंय, हे खरं. उत्तरार्धात त्याला राखीव ठेवून शेवटच्या मिनिटांसाठी वाचवता येईल.

बरं, मग यंदा नेमकं काय हवं?

मला विचाराल तर या क्रमाने. सगळ्यांत आधी डावा कोपरा, गावातला, ज्याला पावसाळाभर उभा करता येईल. होडीवरच्या थोरल्याला आणि सड्यावरच्या वाडीतल्या धाकट्याला एकत्र घडवायचं, एक खेळेल, एक राखीव राहील. मग दुसरा चढाईपटू, समोर चार-पाच असताना निदान गडी टिपून परत येईल असा. त्यासाठी मुंबईतल्या दोघांची नावं माझ्याकडे आहेत, मंडळाने त्यांचा सराव बघून कळवावं. बोनसवाला लांब पायाचा मुलगा आपल्याकडे आहेच, त्याला फक्त सामने द्यायचे. मुख्य चढाईपटू आहे तोच राहू दे. त्याच्यावरचं ओझं उतरलं की त्याचे आकडे आपोआप सुधारतील, असं मला मनापासून वाटतं. उजवीकडची जोडी अजिबात मोडायची नाही.

कोणाचं यावर वेगळं म्हणणं असेल तर गणपतीच्या आरतीनंतरच्या बैठकीला या. गेल्या मोसमाच्या दोन्ही वह्या तिथे असतील, पानांना कोणीही हात लावावा, फक्त शाईवर पाणी सांडू नका.